पुंगळी लांब झाली, पण ते पितळ आलं कुठून?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज जरा वेगळं उदाहरण घेऊ. अमेरिकेत बरेच नेमबाज आणि शिकारी रायफलची वापरलेली पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. ती डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणतात, जास्तीची लांबी कापतात आणि नवीन प्रायमर, दारू व गोळी बसवून पुन्हा वापरतात. याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे हे घरी करून बघायचं प्रकरण नाही. पण यात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो प्रत्येक संशोधकाने स्वतःला विचारावा असा आहे.

पुंगळी मापात आणली की ती थोडी लांब होते. म्हणून कापतात. पुढच्या वेळी झाडली आणि मापात आणली, की परत लांब! दर खेपेला थोडं पितळ कापलं जातंय, तरी लांबी काही कमी पडत नाही. मग हे पितळ येतं कुठून?

आधी पुंगळीची ओळख

.308 विंचेस्टर हे काडतूस घेऊ. याची पुंगळी बाटलीच्या आकाराची असते. खाली जाड बूड, मग वर पातळ होत जाणारी भिंत, मग 20 अंशांचा उतरता खांदा आणि शेवटी अरुंद मान. गोळी मानेत बसते. धातू म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेलं पितळ. पुंगळीची कमाल लांबी 2.015 इंच, म्हणजे 51.18 मिलिमीटर. कापताना ती 2.005 इंचांपर्यंत आणतात. दोन्हींत फरक फक्त पाव मिलिमीटरचा.

एवढ्याशा फरकासाठी इतका खटाटोप का? कारण पुंगळी जास्त लांब झाली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडतं आणि गोळीभोवती आवळलं जातं. गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादाच 62,000 पीएसआय आहे. त्यावर आणखी भर पडणं परवडणारं नाही.

लांबी वाढते कशी?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा गोळी झाडताना. दाबामुळे पुंगळीची पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड मात्र जाड असल्यामुळे चिकटत नाही, ते मागे बोल्टकडे ढकललं जातं. पुढचा भाग धरलेला आणि मागचा सरकतोय, म्हणजे मधली भिंत ताणली जाणार. हा ताण पडतो बुडाच्या जाड भागाच्या अगदी वर.

दुसरा टप्पा डायमध्ये. फुगलेलं अंग डाय आत दाबते. धातू कायमचा वाकवला-दाबला तरी त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे व्यास कमी झाला की पितळ पुढे सरकतं. पुढे डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला मागे रेटतो, मग पितळाला जायला जागा उरते ती मानेकडे. शेवटी मानेचा आतला व्यास नीट करणारा गोळा बाहेर ओढला जातो, तोही मान थोडी ताणतो.

म्हणूनच लांबी मोजायची ती मापात आणल्यानंतर, आधी नाही. आधीचं माप वेगळ्याच अवस्थेतल्या वस्तूचं असतं.

कॅलिपर काय सांगत नाही

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. तोंडाशी कापलेल्या पितळाची भरपाई खालच्या भिंतीतून होत असते. तुम्ही कापता मानेला, पातळ होते बुडाजवळची भिंत. आणि कापून झाल्यावर कॅलिपर काय दाखवतो? 2.005 इंच. अगदी नव्यासारखं! पहिल्या खेपेची पुंगळी आणि बऱ्याच खेपा झालेली पुंगळी या मापात सारख्याच दिसतात. एके दिवशी बूड अंगापासून तुटतं आणि तप्त वायू रायफलच्या मागच्या भागात शिरतो. तिथे जवळच नेमबाजाचा चेहरा असतो.

अनुभवी लोक म्हणून तीन गोष्टी करतात. किती वेळा झाडली याची वहीत नोंद ठेवतात. बारीक तारेचं टोक वाकवून आतून फिरवतात, खाच लागते का बघतात. आणि मूळ कारणावर उपाय म्हणून खांदा गरजेपुरताच, सहसा 0.001 ते 0.002 इंच मागे नेतात, म्हणजे पुढच्या वेळी ताणायला जागाच कमी राहते. गंमत म्हणजे हे माप बुडापासून खांद्यावरच्या 0.400 इंच व्यासाच्या वर्तुळापर्यंत घेतात. पुंगळीवर असं वर्तुळ कोरलेलं नसतं. ते सर्वांनी ठरवून मानलेलं आहे, म्हणूनच दोन ठिकाणची मापं ताडून बघता येतात.

माप बरोबर असूनही पितळ दगा देतं, याचं जुनं उदाहरण आपल्याकडचंच आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांना, न झाडताच, भेगा पडायच्या. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याचा उलगडा केला. पुंगळी घडवताना पितळात ताण शिल्लक राहतो. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांची त्याला जोड मिळाली की भेग पडते. उपाय म्हणजे बेताचं तापवून तो ताण काढून टाकणं. शिल्लक ताण कॅलिपरला दिसत नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी

समजा, 'पुंगळी किती वेळा टिकते' यावर तुम्हाला प्रयोग आखायचा आहे. नुसती लांबी मोजून भागणार नाही, कारण ती तुम्ही स्वतःच दर खेपेला पूर्ववत करताय. मग एकाच लॉटच्या पुंगळ्यांचे दोन गट करा: एकात खांदा जेमतेम मागे न्या, दुसऱ्यात जास्त. ठरावीक खेपांनंतर दोन्हींतल्या काही पुंगळ्या उभ्या चिरून भिंतीची जाडी मोजा. आणि कापलेल्या पितळाचं वजन फेकून न देता नोंदवत चला. तो केर म्हणजे भिंतीतून किती पितळ गेलं याचा हिशोब आहे.

आपापल्या विषयात अशी पायरी असतेच. डेटा 'साफ' करणं, यंत्र दर वेळी शून्यावर आणणं, टोकाच्या नोंदी वगळणं. यात चूक काहीच नाही, बऱ्याचदा ते करावंच लागतं. फक्त गाईडकडे प्रस्ताव नेण्याआधी एका कागदावर लिहा: मी दर वेळी काय कापतोय, ते कुठून येतंय आणि कापलेलं मी कुठे नोंदवतोय. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पद्धतीच्या प्रकरणात एक रकाना वाढवा.