लघुग्रहाच्या सावलीची मोजदाद

सूर्याभोवती फिरणारा लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोर आला की तो तारा काही सेकंद दिसेनासा होतो. याला पिधान म्हणतात. ताऱ्याचे किरण जवळजवळ समांतर येत असल्याने पृथ्वीवर पडणारी सावली साधारण लघुग्रहाएवढीच रुंद असते. त्या पट्ट्याबाहेरच्या निरीक्षकाला तारा नेहमीसारखाच तेवताना दिसतो. मोठी वेधशाळा जागची हलत नाही. १५-२० सेंटिमीटरची दुर्बीण मात्र गाडीत घालून सावलीच्या वाटेवर नेता येते. म्हणूनच हौशी निरीक्षकांचे या कामातले योगदान खरोखर मोलाचे आहे.

म्हैसूरहून नंजनगूडला जाणारा रस्ता कडकोळवरून दक्षिणेकडे उतरतो. लघुग्रहांच्या सावल्या बहुधा पूर्व-पश्चिम धावतात, त्यामुळे दुर्बिणी मांडायला असा दक्षिणोत्तर रस्ता फार सोयीचा. समजा, ६० किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाची सावली सेकंदाला १२ किलोमीटर वेगाने इथून गेली. म्हैसूरला तारा जवळपास ५ सेकंद लपला, कडकोळला ४ आणि नंजनगूडला अडीच. वेळेला वेगाने गुणले की कडकोळच्या रेषेवर लघुग्रहाची लांबी ४८ किलोमीटर निघते, नंजनगूडच्या रेषेवर ३०. अशा समांतर जीवा कागदावर मांडल्या की लघुग्रहाची बाह्यरेषा उमटू लागते. सावली हुकलेल्या ठिकाणची ‘तारा लपला नाही’ ही नोंदही तितकीच कामाची, कारण लघुग्रहाची कड त्याच्या अलीकडेच संपली हे तीच सांगते.

सगळी भिस्त वेळेवर असते. वरच्या उदाहरणात दशांश सेकंदाची चूक म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटरची चूक. म्हणून दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडून प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ उमटवतात. नंतर एकेक चौकट पुढे सरकवत ताऱ्याची तेजस्विता मोजायची. तारा एकदम न विझता दोन पायऱ्यांनी मंदावला, तर तो जोडतारा असण्याची शक्यता असते. मुख्य पिधानाच्या आधी किंवा नंतर वेगळी छोटी उघडझाप दिसली, तर उपग्रहाची किंवा कड्याची शंका घेतात. १० मार्च १९७७ रोजी तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी युरेनसच्या पिधानाच्या वेळी ताऱ्याच्या तेजात अशीच घट टिपली. आधी ती नव्या उपग्रहाची वाटली. प्रत्यक्षात ते युरेनसचे कडे होते. त्याच रात्री विमानातल्या दुर्बिणीतून अमेरिकन शास्त्रज्ञांनाही ही कडी आढळली.

लघुग्रहांच्या बाबतीत स्वीडनमधून १९५८ साली जूनोने केलेले पिधान टिपले गेले, तर २ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅलासचे पिधान नैनीतालहून. तेव्हा सावलीची वाट आधी नेमकी सांगणे फार अवघड होते. गाया या अवकाश दुर्बिणीने ताऱ्यांची स्थाने अत्यंत काटेकोर मोजली आणि २०१८ नंतर भाकिते कमालीची सुधारली. त्याआधीच्या वर्षी, १७ जुलै २०१७ रोजी, अर्जेंटिनात ४० सेंटिमीटरच्या २४ दुर्बिणी ओळीने मांडल्या होत्या. त्यांपैकी पाचांनी अॅरोकोथ या नेपच्यूनपलीकडच्या छोट्या पिंडाची सावली पकडली आणि तो दोन गोळे चिकटल्यासारखा असल्याचे सुचवले. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेले, तेव्हा छायाचित्रांत तोच आकार दिसला.