‘फोल्डर निवडा’ म्हणणारी खिडकी

वाशीच्या फळबाजारात मार्चअखेरीला दोन कामे एकदमच अंगावर येतात. कोकणातून हापूसच्या पेट्यांची आवक वाढू लागलेली असते आणि आर्थिक वर्ष संपत आलेले असते. गाळ्यातल्या छोट्या केबिनमध्ये मेहताजी बागायतदारांच्या पट्ट्या काढत असतात: पेट्या किती, भाव काय लागला, भाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात किती. १ एप्रिलला त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नवीन वर्ष’ हे बटण दाबायचे असते. ते दाबले की पडद्यावर एक खिडकी उघडते. तीत ड्राइव्ह आणि फोल्डरांची उतरंड, खाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’. नव्या वर्षाचा डेटा कुठे ठेवायचा, एवढेच ती विचारते.

हिशेबाच्या कुठल्याही डेस्कटॉप प्रोग्रामची पारख मी याच खिडकीवर करतो. बिलाचा फॉर्म देखणा करणे अवघड नाही आणि रिपोर्टही जमून जातात. पण बाकी सगळीकडे प्रोग्राम स्वतः ठरवतो आणि माणूस त्याचे ऐकतो. इथे माणूस ठरवतो आणि प्रोग्रामला पुढचे वर्षभर ते निभवावे लागते. माणूस घाईत असेल, चुकेल, मध्येच कॅन्सल करेल, पेनड्राइव्ह दाखवून नंतर तो काढून घेईल, हे सगळे ज्याने आधीच गृहीत धरले तो प्रोग्रामर मला मोठा वाटतो.

वाशी ज्यात येते ती नवी मुंबई डेटाचे शहर आहे. पनवेलजवळ योट्टाचे प्रचंड डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले, महापे-रबाळे पट्ट्यात तशी आणखी केंद्रे आहेत आणि बेलापूरला स्टेट बँकेचे आयटी केंद्र आहे. त्याच शहरात बाजार समितीच्या गाळ्यांत आणि सेक्टरासेक्टरांतल्या सीएंच्या ऑफिसांत लाखोंचे व्यवहार एका कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरात बसलेले असतात. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या आधाराने कस्टम ब्रोकरांची ऑफिसे वाढली. बिल ऑफ एन्ट्रीची फाइल आधी आपल्या मशीनवर तयार होते आणि मग कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर जाते. टीडीएसचे विवरणपत्र तपासणारी एफव्हीयू युटिलिटीही तपासणीनंतरच्या फाइली कुठे ठेवू, हे ‘ब्राउझ’चे बटण देऊन विचारते. फाइल बनली पण सापडत नाही, ही या ऑफिसांतली नेहमीची हाक असते, आणि बहुतेक वेळा तिचे मूळ या निवडीत असते.

जुन्या बाजारी सॉफ्टवेअरमध्ये फॉक्सप्रो हा डेटाबेस अजून भेटतो. फॉक्स सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचे हे उत्पादन १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. त्याची शेवटची म्हणजे नववी आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली, पुढची निघणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीचा आधारही संपला. तरी त्याच्या डीबीएफ या डेटा फाइली चालू आहेत, कारण त्या जलद आहेत, साध्या आहेत आणि अख्खे वर्ष एका फोल्डरात मावते. फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवला की दुकान तिथे चालू.

फॉक्सप्रोत ही खिडकी उघडायला एकच शब्द पुरतो, गेटडिर. वापरणाऱ्याने निवडलेल्या फोल्डरचा पूर्ण मार्ग तो परत देतो. चौथ्या जागी ६४ हा आकडा दिला की विंडोजची मोठी करता येणारी, ‘नवा फोल्डर’ बटण असलेली खिडकी येते. हा ६४ फॉक्सप्रोने मनाने घेतलेला नाही. विंडोजच्या शेलमध्ये एसएच-ब्राउझ-फॉर-फोल्डर नावाचे फंक्शन आहे, त्याला नवी खिडकी मागण्याची खूण हीच. त्यात १६ मिळवले की मार्ग टाइप करायला चौकट मिळते. १ मिळवले की ज्यांना डिस्कवर जागाच नाही असे कंट्रोल पॅनेलसारखे दिखाऊ फोल्डर निवडता येत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्याच ॲक्सेस डेटाबेसमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे सुख उशिरा मिळाले. ऑफिस एक्सपीपासून फाइल-डायलॉग आला, त्यात ४ म्हटले की फोल्डर निवडणारी खिडकी. त्याआधी शेलचे तेच फंक्शन स्वतः जाहीर करायचे, मिळालेल्या ओळखीतून मार्ग काढायचा आणि वापरलेली मेमरी आठवणीने परत करायची. पुढे ६४ बिटी ऑफिस आले आणि त्या जाहीर केलेल्या ओळी कंपाइलच होईनात. वीस वर्षे चाललेला प्रोग्राम नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी अडला, तर आधी तिथे बघावे.

आता कॅन्सल. गेटडिर रिकामी ओळ परत देतो, चूक दाखवत नाही. घाईत लिहिलेला प्रोग्राम त्या रिकाम्या ओळीपुढे फाइलचे नाव जोडतो आणि कामाला लागतो. आधी बॅकस्लॅश जोडला असेल तर फाइल चालू ड्राइव्हच्या मुळाशी जाते. जोडला नसेल तर ती प्रोग्रामच्या चालू फोल्डरात जाते, आणि चालू फोल्डर बहुधा यंदाच्या डेटाचाच असतो. फॉक्सप्रोवाले ‘सेट सेफ्टी ऑफ’ सवयीने लिहितात, म्हणजे जुन्या फाइलवर नवी लिहिताना विचारायचे नाही. कॅन्सल दाबणाऱ्याला वाटते काहीच झाले नाही, आणि वर्षभराच्या पट्ट्यांवर कोऱ्या फाइली लिहिल्या जाण्याचा धोका उभा राहतो. यावर इलाज दोन ओळींचा आहे: ओळ रिकामी असेल तर तिथेच थांबा, निवडलेल्या फोल्डरात आधीच डीबीएफ असतील तर लिहू नका, विचारा. या दोन ओळी ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत ते विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट झेड ड्राइव्हची. एका मशीनवर डेटा आणि बाकीची मशीने त्याला झेड म्हणून जोडलेली, ही गाळ्यांतली रूढ मांडणी. जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर कुरकुर करू लागला की कोणीतरी सुचवते, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. तसे केले की फोल्डरच्या खिडकीतून झेड गायब होतो. व्हिस्टापासून विंडोज एकाच माणसाला दोन पातळ्यांवर चालवते आणि साध्या पातळीवर जोडलेला ड्राइव्ह वरच्या पातळीला दिसत नाही. मेहताजींना मात्र डेटाच गेला असे वाटते. म्हणून मार्ग जपून ठेवताना ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या आणि शेअरच्या नावाने ठेवावा. शिवाय एकीकडे झेड आणि दुसरीकडे वाय असले तरी मग काम अडत नाही.

याहून फसवा प्रकार प्रोग्राम फाइल्सचा. कोणी डेटाचा फोल्डर तिथेच निवडला तर जुन्या प्रोग्रामला विंडोज नकार देत नाही. लिहिलेले सारे ती गुपचूप त्या माणसाच्या ॲप-डेटातल्या व्हर्च्युअल-स्टोअरमध्ये वळवते. एकाच मशीनवर मालकाच्या लॉगइनने वेगळी शिल्लक दिसते आणि मेहताजींच्या लॉगइनने वेगळी. दोघेही खरेच बोलत असतात. ही निवड खिडकीतच नाकारायला हवी.

मला सर्वांत जास्त सलते ते मराठीचे. आता विंडोजवर फोल्डरला सरळ ‘पट्टी २०२५’ असे नाव देता येते आणि लोक देतात. खिडकीतही ते नाव नीट दिसते, कारण खिडकी विंडोजची आहे. ‘ओके’ दाबल्यावर फॉक्सप्रोच्या हाती येते: ????? ????. पट्टीच्या पाच चिन्हांची पाच प्रश्नचिन्हे, मग मोकळी जागा, मग चार अंकांची चार. फॉक्सप्रो युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने अक्षरे साठवतो आणि त्या पद्धतीत विंडोजने देवनागरीला कोडपेजच दिलेले नाही. बरे, प्रश्नचिन्ह हे फाइलच्या नावात निषिद्ध अक्षर आहे, त्यामुळे परत आलेला मार्ग जगात कुठेच असू शकत नाही. खिडकीच्या शीर्षकात मराठी सूचना लिहावी तरी तीच गत. श्रीलिपीसारख्या फॉन्टनी फॉर्मवरची लेबले मराठी झाली होती, कारण तिथे फॉन्ट आपण ठरवतो. या खिडकीचा फॉन्ट मात्र विंडोज ठरवते.

ॲक्सेसमध्ये फाइल-डायलॉग मराठी मार्ग सुखरूप परत देतो, पण पुढे डिर फंक्शनने फोल्डर आहे का असे विचारले की भरवशाचे उत्तर मिळत नाही. तिथे फाइल-सिस्टिम-ऑब्जेक्टला विचारावे, त्याला देवनागरी समजते. फॉक्सप्रोत निदान इतके तरी करता येते: परत आलेल्या ओळीत प्रश्नचिन्ह दिसले की ‘कृपया इंग्रजी नावाचा फोल्डर निवडा’ असे मराठीत, आपल्या स्वतःच्या फॉर्मवर सांगावे. अपमान वाटावा अशी ही तडजोड आहे, तरी डेटा हरवण्यापेक्षा बरी.

आणखी एक. फोल्डर निवडण्याच्या नव्या खिडकीत फाइली दिसत नाहीत, फक्त फोल्डर दिसतात. भरलेला फोल्डर रिकामा वाटतो आणि माणूस घाबरून दुसरा शोधू लागतो. निवड झाल्यावर पूर्ण मार्ग आणि त्यातल्या फाइलींची संख्या दाखवून ‘हाच ना?’ असे विचारणारा प्रोग्राम मेहताजींचा मोठा घोर वाचवतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना विनंती आहे की पुढच्या मार्चआधी आपल्या प्रोग्रामची ही एक खिडकी कॅन्सल दाबून, मराठी नाव देऊन आणि नेटवर्कची वायर काढून तपासा. आणि गाळेवाल्यांनो, ३१ मार्चला संध्याकाळी, ‘नवीन वर्ष’ दाबायच्या आधीच, चालू वर्षाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा.