धायरी म्हणजे पंधरा बाइट

घरात किंवा शाळेच्या संगणकखोलीत विंडोजचा एखादा संगणक मोकळा असेल, तर त्यावर नोटपॅड उघडा. मराठी कीबोर्ड निवडा आणि एकच शब्द टाइप करा: धायरी. पुढे स्पेस नको, एंटर नको, पूर्णविराम तर नकोच. फाइल सेव्ह करा, तिच्यावर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघा. (त्याच्याच खालचा ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा सध्या सोडून द्या.) साइझ असेल १५ बाइट. आता तेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहून दुसरी फाइल करा. तिची साइझ भरेल फक्त ७ बाइट.

गाव तेच, पुण्यातल्या सिंहगड रस्त्याला लागून असलेलं, धारेश्वराच्या देवळाचं. मग मराठी धायरीला दुपटीहून जास्त जागा का लागली?

त्यासाठी फाइलच्या आत डोकवावं लागेल. आत अक्षरं नसतातच मुळी. फोटो नसतात, गाणी नसतात. असतात फक्त आकडे, आणि तेही ० ते २५५ यांच्यातलेच. असा एक आकडा म्हणजे एक बाइट. मराठी धायरीच्या फाइलमध्ये हे पंधरा आकडे ओळीनं बसलेले आहेत:

२२४ १६४ १६७
२२४ १६४ १९०
२२४ १६४ १७५
२२४ १६४ १७६
२२४ १६५ १२८

फाइलमध्ये ते सलग असतात, मी तुमच्यासाठी तीन-तीनचे गट पाडले. पहिला गट ध, दुसरा काना, तिसरा य, चौथा र आणि पाचवा दुसरी वेलांटी. आपण ‘धा’ एका दमात म्हणतो, संगणक मात्र काना वेगळा मोजतो. म्हणजे पाच चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट, झाले पंधरा.

पण २२४, १६४, १६७ म्हणजे ध हे ठरवलं कुणी? आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. धायरी फाट्यावर १५ हा आकडा बसवर दिसला तर तो मार्ग, भाजीच्या पाटीवर दिसला तर भाव, आणि वहीवर लाल शाईत दिसला तर... असो. अर्थ ठरतो तो माणसांच्या आपसातल्या ठरावानं. फाइलचंही तसंच आहे, आणि साधी मजकुराची फाइल आणि बायनरी फाइल यांच्यातला फरक या ठरावातच आहे.

मजकुराच्या, म्हणजे टेक्स्ट फाइलचा ठराव अगदी सोपा. पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं एकाच तक्त्यानुसार वाचायचं: या आकड्याचं हे अक्षर, त्या आकड्याचं ते. तो तक्ता जगजाहीर असतो, म्हणून नोटपॅडची फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. बदल्यात तिच्यात ठळक अक्षर नाही, रंग नाही, चित्र नाही.

बायनरी फाइलमध्ये प्रत्येक प्रकाराचे नियम वेगळे. फोटोच्या फाइलमध्ये एखादा आकडा चित्राची रुंदी सांगतो, तर दुसरा एखाद्या ठिपक्याचा रंग. गाण्याच्या फाइलमध्ये ते आवाजाचं मोजमाप असतं. नियम माहीत असलेला प्रोग्रॅमच ती फाइल नीट वाचू शकतो.

तुमचा विश्वास बसत नसेल तर पीएनजी प्रकारच्या एखाद्या चित्राची कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. मूळ चित्राला हात लावू नका, आणि काही झालं तरी सेव्ह दाबू नका; नोटपॅड ते आकडे आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा लिहील आणि चित्र कायमचं बिघडेल. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या कुठल्या भाषांतली अक्षरं असा नुसता गोंधळ दिसेल. बिचारं नोटपॅड रंगांच्या आकड्यांना अक्षरं समजून वाचतंय! पण अगदी सुरुवातीला नीट बघा. पहिलं एक विचित्र चिन्ह सोडलं की पी, एन, जी ही तीन अक्षरं स्पष्ट वाचता येतील. पीएनजीची प्रत्येक फाइल १३७, ८०, ७८, ७१ या आकड्यांनी सुरू होते. त्यातला १३७ मुद्दाम घातलेला आहे, कारण साध्या इंग्रजी मजकुरात १२७ च्या वरचा आकडा येतच नाही. म्हणजे पहिल्याच घराला पाटी: हा मजकूर नाही!

वर्डच्या डॉक्सएक्स फाइलची कॉपी अशीच उघडलीत तर सुरुवातीला पी आणि के दिसतील. ही फिल काट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरच्या नावाची आद्याक्षरं आहेत. त्यानं १९८९ मध्ये झिप हा प्रकार आणला, आणि डॉक्सएक्स म्हणजे खरं तर एक झिपच असते. खोटं वाटतंय? कॉपीच्या नावातलं शेवटचं डॉक्सएक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. त्यातल्या ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल सापडेल. ती नोटपॅडमध्ये उघडली की टोकदार कंसांच्या गर्दीत तुमचा निबंध जसाच्या तसा बसलेला! बायनरीच्या पोटात मजकूर. माझ्या मते संगणकावर फुकटात करता येणाऱ्या प्रयोगांत याच्याइतका मजेदार दुसरा नाही.

मग सगळं मजकुरातच का ठेवत नाहीत? जागेसाठी. धायरीचा पिनकोड घ्या: ४११०४१. नोटपॅडमध्ये देवनागरी अंकांत लिहिला तर १८ बाइट, इंग्रजी अंकांत लिहिला तर ६. पण तो अंकांची रांग म्हणून न लिहिता एक संख्या म्हणून बायनरीत ठेवला, तर तीनच आकड्यांत मावतो: ६, ६९, १६१. कागद-पेन्सिल घेऊन पडताळा: ६ गुणिले ६५५३६, अधिक ६९ गुणिले २५६, अधिक १६१. बरोब्बर ४११०४१! आणि हेच तीन बाइट नोटपॅडला वाचायला दिले, तर मधल्या ६९ ला ते इंग्रजी कॅपिटल ई समजेल आणि आजूबाजूला कचरा दाखवेल. पिनकोडचा पत्ताच नाही.

सहाच्या जागी तीन, एवढ्यानं काय वाचतं? पण १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे ३ कोटी ६० लाख. ते मजकुरात ‘२५५ १८ ९४’ असे लिहीत बसलो तर प्रत्येक आकड्याला चार बाइटपर्यंत जागा लागेल. फोनची मेमरी दिवाळीच्या सुट्टीतच भरून जाईल.

आता पुन्हा त्या तक्त्याकडे. अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाचा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा होत्या. कॅपिटल ए ला ६५ नंबर मिळाला, बीला ६६. ध मात्र त्यात नव्हता, आणि ळ तर नव्हताच नव्हता. मग मराठी लिहायची कशी?

या प्रश्नावरचं मोठं काम आपल्या पुण्यात झालं. सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली. परम महासंगणक बनवणारी तीच ही. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये सुरू केलेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे इथे वाढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं इस्की नावाचा तक्ता प्रमाण ठरवला. पहिल्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवून वरच्या जागांवर आपली अक्षरं बसवली होती. गंमत म्हणजे मराठी क, गुजराती क आणि बंगाली क यांना नंबर एकच! इस्कीत धायरी फक्त ५ बाइटची.

पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वेगळीच युक्ती चालायची. फाइलमध्ये नंबर इंग्रजी अक्षरांचे आणि त्या नंबरांना मराठी आकार काढून देणारा फाँट. पडद्यावर झकास मराठी दिसायची. तीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर नेली की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ! बरं, प्रत्येक कंपनीच्या फाँटचा ठराव निराळा. दिसायला मजकूर, पण तक्ता कंपनीच्या खिशात. अशा फाइलला मी तरी साधा मजकूर म्हणणार नाही. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर वाचण्यासाठी आजही आधी रूपांतर करून घ्यावा लागतो.

सगळ्या जगाच्या लिप्यांसाठी एकच तक्ता हवा, म्हणून १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. आता इतक्या हजारो अक्षरांचे नंबर २५५ पर्यंतच्या आकड्यांत कसे बसवायचे? १९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे दोघे संगणकतज्ज्ञ न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवायला बसले होते. त्यांनी ताटाखाली अंथरायच्या कागदावरच याची रीत आखली. तिचं नाव यूटीएफ-८. इंग्रजी अक्षर असेल तर जुनाच एक आकडा. २२४ दिसला की समजायचं, हा आणि पुढचे दोन मिळून एक अक्षर. वरच्या पाचही ओळी २२४ नंच का सुरू होतात, ते कळलं?

एखाद्या मराठी मजकुरात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए सारखा सारखा आलेला कधी पाहिलात, तर घाबरू नका. फाइल बिघडलेली नाही. कुणीतरी २२४ हा आकडा चुकीच्या तक्त्यातून वाचतंय, इतकंच.

आता तुमच्या नावाची फाइल करा, पण साइझ बघण्याआधी कागदावर उत्तर मांडा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना प्रत्येकी तीन. जोडाक्षर असेल तर त्यातला पाय मोडणारा हलन्तही वेगळा मोजायचा, त्यालाही तीन. श्रेया १८ बाइटची होते आणि ज्ञानेश्वरी ३३ ची. उत्तर जुळलं नाही तर आधी शेवटी स्पेस किंवा एंटर राहिलाय का ते बघा. विंडोजमध्ये एंटर दोन बाइट खातो.