बीजाची पारख आणि संततीची आशा

मृग नक्षत्र जवळ आले की अवसरी बुद्रुक आणि मंचरच्या परिसरात पेरणीची लगबग सुरू होते. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल, तर जाणता शेतकरी आधी त्याची उगवणशक्ती तपासून पाहतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, त्याची गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि काही दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर दाणे उगवले, तर बियाणे पेरण्याजोगे मानतात. या चाचणीचे मोल मोठे आहे, कारण तिच्यावरून एक निर्णय होतो : हेच बियाणे पेरावे, एकरी प्रमाण वाढवावे, की दुसरे आणावे. मात्र त्या सत्तर कोंबांवरून एकरी किती पोती पीक येईल, हे कोणी सांगू पाहत नाही. पाऊस, जमीन आणि कीड यांचा हिशेब निराळा असतो.

अपत्यप्राप्तीच्या उपचारांतही गेल्या काही दशकांत अशाच चाचण्या आल्या आहेत. रक्तातील एखादे संप्रेरक, पेशींतील जनुकांची हालचाल, गर्भातील गुणसूत्रांची संख्या यांवरून उपचार यशस्वी होईल का, याचा अंदाज बांधला जातो. अशा खुणांना वैद्यकात बायोमार्कर, म्हणजे जैवनिर्देशक, असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 17.5 टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांपैकी एकास, आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. आंबेगाव-जुन्नरच्या गावांतूनही अनेक जोडपी या उपचारांसाठी पुण्याची वाट धरतात. दुकान दुसऱ्यावर सोपवून, घरात कारण न सांगता, एकेका फेरीत हजारो रुपये खर्चून ती परततात आणि हाती अहवालांची जाडजूड फाईल असते. त्या फाईलमधील कोणता कागद खरोखर उपयोगाचा आहे, हे समजणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

महाराष्ट्राला या शास्त्राचा वारसा जुना आहे. इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर आठ वर्षांनी, 6 ऑगस्ट 1986 रोजी, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळ येथील इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याचे ते फळ होते. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले देशातील हे पहिले यश मानले गेले.

पुढे आनंदकुमार यांच्या हाती कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची टिपणे आली. मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच, दुर्गा या मुलीच्या रूपाने, असे यश मिळवल्याचे सांगितले होते. परंतु तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता आणि 1981 मध्ये त्यांनी जीवनयात्रा संपवली होती. आनंदकुमार यांनी ती टिपणे बारकाईने तपासली आणि 1997 मध्ये पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचाच असल्याचे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या नावावर जमा असलेले श्रेय त्यांनी नोंदी पाहून दुसऱ्याच्या खात्यावर लिहिले. दावा कोणाचाही असो, तो नोंदींवर घासून पाहावा, ही शिस्त आज चाचण्यांच्या बाबतीतही तितकीच लागू आहे.

सर्वाधिक केली जाणारी चाचणी अँटी-म्युलेरियन हार्मोनची, म्हणजेच एएमएचची. स्त्रीच्या बीजकोशातील लहान लहान बीजपुटके हे संप्रेरक तयार करतात. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात आणि पुढे घटतच जातात. उरलेला साठा साधारण किती, याची कल्पना एएमएच देते. उपचारात इंजेक्शनची मात्रा किती ठेवावी, हे त्यावरून ठरवता येते. एएमएच फार जास्त असेल, तर बीजकोशांना अतिउत्तेजनाचा धोका असतो आणि डॉक्टर आधीच सावध होतात. येथे चाचणीमुळे निर्णय बदलतो, म्हणून ती उपयुक्त आहे.

परंतु पोत्यात दाणे किती, हे सांगणारी चाचणी दाणे कसे आहेत, हे सांगत नाही. अमेरिकेत वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या, 30 ते 44 वयाच्या 750 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे एएमएच कमी होते, त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. तेव्हा केवळ एका कमी आकड्यामुळे सून ‘वांझ’ ठरत नाही, आणि आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊन वर्षे दवडण्यातही शहाणपण नाही. स्त्रीबीजाची गुणवत्ता मुख्यतः वयाशी बांधलेली असते. ब्रिटनमधील अलीकडच्या नोंदी पाहता, स्वतःचे स्त्रीबीज वापरून गर्भाशयात सोडलेल्या प्रत्येक गर्भामागे जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण पस्तिशीच्या आतील स्त्रियांत सुमारे 35 टक्के, तर 43-44 व्या वर्षी सुमारे 5 टक्के आहे. जन्मतारीख सांगण्यास पैसे पडत नाहीत आणि तिच्याइतका भरवशाचा निर्देशक अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेला नाही.

दुसरी बाजू पतीची. वंध्यत्व असलेल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा संपूर्ण वा अंशतः वाटा असतो. तरीही अनेक घरांत सुनेच्या चार-पाच तपासण्या उरकेपर्यंत मुलाची एकही झालेली नसते. वीर्यतपासणी साधी, वेदनारहित आणि तुलनेने अत्यंत स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत शुक्राणूंच्या संख्येची खालची संदर्भरेषा दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख इतकी दिली आहे. शुक्राणूंतील डीएनए किती तुटलेला आहे, हे पाहणारी पुढची चाचणीही उपलब्ध आहे; वारंवार गर्भपात होत असल्यास तिचा विचार करतात. पहिल्याच भेटीत तिची गरज सहसा नसते.

तिसरा प्रश्न गर्भाचा. प्रयोगशाळेत पाच-सहा दिवस वाढलेल्या गर्भाच्या बाह्य आवरणातील काही पेशी काढून गुणसूत्रांची संख्या तपासता येते. सदोष गर्भ वगळला की यश वाढेल, हा तर्क सरळ वाटतो. चीनमधील 20 ते 37 वयाच्या 1,212 स्त्रियांवर याची पडताळणी झाली आणि 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीनपर्यंत प्रयत्नांची मुभा असता, चाचणी केलेल्या गटात 77.2 टक्के आणि न केलेल्या गटात 81.8 टक्के स्त्रियांना बाळ झाले. त्या वयोगटात चाचणीने लाभ झाला नाही. चाचणी गर्भ सुधारत नाही. आहेत त्यांतून निवड करते, आणि त्या निवडीत कधी चांगला गर्भही बाजूला पडू शकतो.

भारतात या तपासणीला कायद्याची चौकट आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, 2021 नुसार गर्भारोपणापूर्वीची जनुकीय चाचणी ही केवळ ज्ञात, पूर्वीपासून असलेल्या आनुवंशिक वा जनुकीय आजारांच्या तपासणीसाठी आहे. मुलगा की मुलगी हे निवडण्यासाठी ती करणे हा गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, हे येथे स्मरणात ठेवावे.

चौथी चाचणी गर्भाशयाच्या अस्तराची. गर्भ रुजण्यास अस्तर महिन्यातील मोजकेच दिवस अनुकूल असते. अस्तरातील 238 जनुकांची हालचाल पाहून तो नेमका काळ सांगणारी चाचणी स्पेनमधील शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडली आणि ती झपाट्याने जगभर पसरली. अमेरिकेत 767 स्त्रियांवर झालेल्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. चाचणीनुसार वेळ ठरवलेल्या गटात 58.5 टक्के, तर नेहमीच्या वेळेप्रमाणे चाललेल्या गटात 61.9 टक्के स्त्रियांना बाळ झाले. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये ही चाचणी सरसकट करू नये, असाच सल्ला दिला.

यावरून हे संशोधनच निरर्थक, असा अर्थ मात्र काढू नये. गर्भ रुजताना होक्स-ए-10 हे जनुक काय काम करते, याचा अभ्यास परळच्या त्याच संस्थेत झाला आहे. गर्भ ज्या द्रवात वाढतो, त्यातील डीएनएच्या कणांवरून, गर्भाला स्पर्शही न करता, त्याची परीक्षा करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. यांतील काही उद्या उपयोगी ठरतील. मात्र प्रयोगशाळेतील आशा आणि रुग्णाने पैसे मोजून घ्यावयाची सेवा यांमध्ये एक अंतर असते, आणि ते मोठ्या तुलनात्मक अभ्यासांनीच भरून निघते.

व्यापारी कुटुंबांना हिशेबाची ही रीत नवी नाही. माल उचलण्यापूर्वी नमुना पाहणे, भावाची चौकशी करणे, पक्की पावती घेणे हे पेढीवर रोजचेच असते. दवाखान्याच्या दारात मात्र संकोच आड येतो. आयव्हीएफच्या एका आवर्तनाचा खर्च लाख-दोन लाखांच्या घरात जातो. त्यात अशा जादा चाचण्यांची भर पडली की पुढच्या प्रयत्नासाठी राखलेली पुंजीच खर्ची पडते. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न आदराने विचारावेत. या चाचणीचा निकाल कसाही आला, तरी आमच्या उपचारात नेमका कोणता बदल होणार? आमच्या वयाच्या जोडप्यांत या चाचणीमुळे बाळ होण्याचे प्रमाण वाढल्याचे तुलनात्मक अभ्यासात दिसले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती चाचणी टाळता येते. केंद्र नव्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, आणि तेथील यशाचे आकडे केवळ दिवस राहण्याचे आहेत की जिवंत बाळ जन्मण्याचे, हेही विचारावे. या दोहोंत बराच फरक असतो.

आणखी एक गोष्ट उपचार सुरू होण्यापूर्वीच ठरवावी. एका आवर्तनात अनेक गर्भ तयार होऊ शकतात आणि उरलेले गोठवून ठेवले जातात. पुढे त्यांचे काय करावे, हा प्रश्न जीवदयेचे संस्कार असलेल्या कुटुंबांना फार जड जातो. किती स्त्रीबीजे फलित करावीत, याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलता येते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते बोलून घ्यावे.

घरच्या वडीलधाऱ्यांचाही यात वाटा आहे. पुण्याच्या पहिल्या भेटीला पती-पत्नी दोघांनीही जावे आणि दोघांच्याही प्राथमिक तपासण्या एकाच वेळी व्हाव्यात, एवढा आग्रह सासू-सासऱ्यांनी धरला, तरी सुनेच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते. अहवाल आला की त्यातील आकडा नातेवाइकांत सांगितला जाऊ नये. उपचार यशस्वी न झाल्यास पुढचा प्रयत्न करायचा, दत्तकविधानाचा विचार करायचा, की दोघांनीच समाधानाने राहायचे, हा निर्णय त्या दोघांचा असावा आणि तो घराने सन्मानाने स्वीकारावा. येथे कोणत्याही चाचणीचे उत्तर कामी येत नाही; घरच्यांचा आधार मात्र येतो.