गुन्हा पंख्याचा, शिक्षा इंजिनाला

कोकणच्या बंदरांत होड्यांना इंजिनं बसू लागली ती स्वातंत्र्यानंतर, सरकारी कर्ज आणि अनुदानाच्या जोरावर. तेव्हा वारा पडला तरी घरी येता येतं, यावरच दर्यावरची माणसं खूश होती. ताकदीची हाव पुढं सुटली. कोळंबीच्या निर्यातीला दिवस आले, ट्रॉलिंग वाढलं आणि जाळं ओढायला कितीही ताकद अपुरीच, असं सगळे धरून चालले. यानमार, रस्टन, किर्लोस्कर आली. मग अशोक लेलँडचं ट्रकातलं सहा सिलिंडरचं इंजिन खाऱ्या पाण्यात उतरलं. त्यातलं ‘३७०’ म्हणजे तेवढे घन इंच, सहा लिटरच्या किंचित वर. मिरकरवाड्याला काय नि हर्णैला काय, डोळे मिटून ओळखावा असा त्याचा आवाज.

हे इंजिन म्हातारं झालं की नुस्खे सुरू होतात. पहिला पंपाचा स्क्रू. सील तोडायचं, डिझेल वाढवायचं आणि धुराड्यातून काळा लोट निघाला की ‘दम आला’ म्हणायचं. तो लोट म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. पैसे हवेत चाललेत आणि पिस्टनचा माथा भाजतोय, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा टर्बो. मुळात नसलेल्या इंजिनाला तो नीट बसवायचा तर कॉम्प्रेशनपासून पिस्टनच्या कूलिंगपर्यंत सगळं बदलावं लागतं. त्यापेक्षा दुसरं इंजिन घ्यावं. नोझल, व्हॉल्व्ह, टायमिंग यांवर काय लिहायचं? ते करायचंच असतं. हवेचं मात्र सांगतो. इंजिनाच्या खणात ५५ अंश तापमान असेल, तर ३० अंशांच्या मानानं हवा सुमारे ८ टक्के विरळ होते. आणि आमची मंडळी हवा यायच्या वाटेवरच जाळ्यांचा ढीग रचतात!

आता पंखा. हे तुणतुणं मी बरीच वर्षं वाजवतो आहे, आणि दिवाळी अंकाचे संपादक ते छापतात तोवर वाजवीन. इंजिनाची ताकद पाण्यात उतरवणारा एकटा पंखाच, आणि तपासायची पाळी त्याचीच सगळ्यात शेवटी. “काका, पंखा तर नवाच घातलाय,” हे उत्तर ठरलेलं.

बोट नेहमीच्या वजनानं भरलेली असताना पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि फेरे मोजावेत. बहुतेक बोटींवरचा मीटर बंदच असतो, पण शाफ्टवर चमकत्या टेपचा तुकडा चिकटवला की हातातल्या मीटरनं काम भागतं. कंपनीनं दिलेला आकडा गाठत नाही आणि धूर काळा, तर पंखा जड आहे किंवा बूड शिंपल्यांनी भरलंय. १८०० फेऱ्यांचं इंजिन १५०० वर अडकलं, तर ताकदीचा सहाव्या हिश्शापर्यंतचा वाटा तिथंच बुडाला. तो पंपाच्या स्क्रूनं कसा परत मिळणार?

‘पंखा मोठा घाला, जास्त पाणी ढकलेल,’ असं मेळाव्यांत ठासून सांगणारे आमचे काही विद्वान मित्र आहेत. व्यास एक इंच वाढवला तर पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंख्यानं कागदावर कापायचं अंतर, दोन-तीन इंच उतरवावा लागतो, हे भाषणात बसत नसावं. १८०० फेरे, गिअर ३ ला १, म्हणजे शाफ्टला ६००. पिच २० इंच असेल तर कागदावर बोट जवळपास १० नॉटनं जायला हवी. ती ७ नॉटनं गेली तर ३० टक्के घसर, आणि जाळं ओढताना ३ नॉटवर ७० टक्के. म्हणून ट्रॉलरला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा लागतो आणि बाजाराकडे धावणाऱ्या बोटीला वेगळा. त्यातही पाण्यात ३६ फूट लांबी असलेली बोट ८ नॉटच्या आसपास आली, की पुढची ताकद लाटा उठवण्यात जाते.

पिच मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पंखा टेबलावर सपाट ठेवावा. मध्यापासून त्रिज्येच्या ७० टक्क्यांवर पात्याच्या पाणी ढकलणाऱ्या बाजूवर खडूनं कंस काढावा. त्यावर ३० अंशांच्या अंतरानं दोन खुणा कराव्यात आणि त्यांची टेबलापासूनची उंची मोजावी. फरक २ इंच आला तर त्याच्या १२ पट, म्हणजे २४ इंच पिच. प्रत्येक पात्यावर हेच करावं. एका नव्याकोऱ्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन वेगळे आकडे निघालेले मी पाहिलेत. मालक मात्र शाफ्ट थरथरतो म्हणून महिनाभर बेअरिंगं बदलत होता.

पूर्वी वाळूच्या साच्यात पितळी पंखे ओतणारे कारागीर पातं हातानं चाचपून फरक सांगायचे. आता पंखा वजनावर विकला जातो आणि ताकद वाढवायची म्हणजे चिनी इंजिन आणायचं, एवढंच उरलंय. मासा लांब गेला म्हणून मोठं इंजिन, आणि मोठ्या इंजिनाचं डिझेल फिटावं म्हणून आणखी लांब. एलईडीच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी ही शर्यत काही थांबलेली नाही. वर नव्या इंजिनामागे शाफ्ट जुनाच, पंखाही जुनाच.

जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर येतात. रंग लागतो, नावं नव्यानं रंगवली जातात, पण पंखा काढून बघायला कुणाला फुरसत नसते. विद्वान मित्रांनी पुढल्या जूनमध्ये आपापल्या बोटींचे पंखे घेऊन माझ्याकडे यावं. टेबल, खडू आणि चहा माझ्याकडे.