मुलाच्या कोपरात तारा घातल्या. हात पूर्वीसारखा होईल का?

पार्कातल्या मंकी बारवरून तुमचं सहा वर्षांचं मूल हात टेकून पडतं. कोपर टम्म सुजतं आणि इमर्जन्सीतले डॉक्टर सांगतात, "ऑपरेशन करावं लागेल." तेव्हा मनात एकच प्रश्न असतो: हात पूर्वीसारखा होईल ना?

बहुतेक वेळा होतो.

दंडाचं हाड कोपराच्या जरा वर चपटं आणि पातळ असतं. ५ ते ७ या वयात ते तिथेच जास्त मोडतं. गार्टलँड यांनी १९५९ मध्ये या फ्रॅक्चरचे तीन प्रकार सांगितले. हाड जागेवर असेल तर प्लास्टर पुरतं. पूर्ण सुटलं असेल तर भूल देऊन, बहुधा चिरा न देता, ते बसवतात आणि त्वचेतून दोन-तीन तारा घालतात. मधल्या प्रकारातही बऱ्याचदा हेच करतात. तीन-चार आठवड्यांनी तारा निघतात.

निकाल मोजायला फ्लिन यांचे १९७४ चे निकष वापरतात. कोपराची हालचाल आणि हात सरळ केल्यावर दिसणारा कोन, दोन्हींची तुलना चांगल्या हाताशी करतात. फरक ५ अंशांपर्यंत असेल तर निकाल उत्तम, १० पर्यंत चांगला, १५ पर्यंत बरा, त्यापुढे वाईट. तारा घातलेली बहुतेक मुलं पहिल्या दोन गटांत बसतात.

"वाढीत सरळ होईल" हा दिलासा मात्र इथे फारसा खरा नाही. दंडाच्या हाडाची जेमतेम २० टक्के वाढ कोपराकडच्या टोकाला होते. वाकडं जुळलेलं हाड वाकडंच राहतं. म्हणून ते आधीच नीट बसवायचं.

मुलाला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायला सांगा. जमत नसेल तर नस दुखावलेली असू शकते. डॉक्टरांना सांगा, पण घाबरू नका. अशा बहुतेक नसा काही महिन्यांत सुधारतात. घाई करायची ती वेगळ्याच वेळी: औषध देऊनही दुखणं वाढत असेल, बोटं थंड किंवा पांढरी पडली असतील, ती सरळ करताना मूल किंचाळत असेल, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. रक्तपुरवठा तुटला तर स्नायू कायमचे आखडतात.

प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेलं दिसेल. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणेल, "तेल लावून जरा जोरात चोळ, ओढ." आजीची माया खरी, पण हा सल्ला ऐकू नका. जोर लावल्याने आखडणं वाढू शकतं, कधी स्नायूत हाडही धरतं. मुलाला खेळू द्या, हाताने जेवू द्या. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, हात आपणच मोकळा होतो.