भात साठविण्यासाठी वखारीची निवड

जावळी तालुक्यात भाताची कापणी व मळणी दिवाळीच्या सुमारास होते आणि बहुतेकांचा माल एकाच वेळी बाजारात जातो. त्या वेळी भाव उतरलेला असला तरी देणी भागविण्यासाठी शेतकऱ्यास भात विकावेच लागते. मेढ्याच्या परिसरातील शेतकऱ्यांचा एखादा गट भात एकत्र साठवून सवडीने भरडण्याचा व तांदूळ विकण्याचा उद्योग हाती घेतो, तेव्हा त्याचे यश प्रथम वखारीवर अवलंबून असते. भात वखारीत बिघडले तर वर्षाची कमाई बुडते; पावती कच्ची निघाली तर तारणावर कर्ज मिळत नाही. म्हणून केवळ भाडे कमी आहे एवढ्यावरून वखार ठरवू नये.

पाऊस आणि मुदत

सातारा जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावकडे तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मेढा हे गाव महाबळेश्वराकडून येणाऱ्या वेण्णा नदीच्या खोऱ्यात आहे. कार्तिकापासून वैशाखापर्यंतच माल ठेवावयाचा असेल, तर जवळची साधी पण कोरडी वखारही चालते व वाहतुकीचा खर्च वाचतो. मृगाच्या पुढे माल राहणार असेल, तर दमट हवेपासून पूर्ण संरक्षण देणारी वखारच घ्यावी. ती जवळ नसल्यास पूर्वेकडील कोरड्या भागाचा विचार करावा. भात तांदळापेक्षा अधिक टिकते, म्हणून साठवण भाताचीच करावी आणि मागणीप्रमाणे भरडावे.

इमारतीची पाहणी

करार करण्यापूर्वी गटाच्या दोघा-तिघांनी वखार प्रत्यक्ष पाहावी. जोते उंच असावे व पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर जावे. जमीन पक्की व ओल न धरणारी हवी. पोत्यांच्या थप्प्या जमिनीवर न लावता लाकडी चौकटींवर लावलेल्या असाव्यात. थप्पी व भिंत यांमध्ये माणूस फिरेल एवढी वाट असावी. उंदरांची बिळे, भिंतीवरील ओलीचे डाग व जुन्या धान्यातील किडे यांकडे विशेष लक्ष द्यावे. धुरीचे औषध अत्यंत विषारी असल्याने ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच होते की नाही, हे विचारावे.

चांगली वखारही ओले भात सुधारू शकत नाही. ओलावा १४ टक्क्यांहून अधिक नसावा. दीर्घ मुदतीसाठी तो १२ ते १३ टक्के असावा. १६ टक्के ओलाव्याचे १०० किलो भात वाळून १३ टक्क्यांवर आले की त्याचे वजन सुमारे साडेशहाण्णव किलो भरते. ही घट स्वाभाविक आहे. परंतु माल आत घालतेवेळी वजन व ओलावा यांची नोंद झाली नसेल, तर ती भांडणाचे कारण होते.

पावतीचे मोल

ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने १९५४ मध्ये वखारींची शिफारस केली. त्यानुसार १९५६ चा कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्रीय व राज्य वखार महामंडळे स्थापन झाली. माल विकण्याची घाई न करता त्याच्या तारणावर पैसा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. पुढे २००७ च्या कायद्याने वखारींच्या नोंदणीसाठी प्राधिकरण निर्माण झाले. या प्राधिकरणाकडे नोंदलेल्या वखारीची परक्राम्य पावती बँकेत तारण ठेवता येते व दुसऱ्याच्या नावे करता येते. आता ती संगणकीय नोंदीच्या रूपात मिळते. पावतीवर मालाची जात, प्रत, वजन, मुदत व भाडे स्पष्ट असावे. आग, पूर व चोरी यांसाठी विमा कोणी उतरविला आहे, तेही पाहावे.

राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवीत आले आहे. तीत भातासाठी किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांकरिता ६ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे काय, याची चौकशी हंगामापूर्वीच करावी.

आधी हिशेब, मग करार

समजा, गटाचे १०० क्विंटल भात आहे व भाव क्विंटलला २,००० रुपये आहे. मालाची किंमत २ लाख व त्यावर कर्ज दीड लाख. सहा महिन्यांचे व्याज ४,५०० रुपये होते. दर पोत्यास महिना १० रुपये भाडे धरल्यास ५० किलोच्या २०० पोत्यांचे १२,००० रुपये होतात. हमाली व वाहतूक ५,००० धरली तर एकूण खर्च २१,५०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे २१५ रुपये येतो. भाव २,२१५ च्या वर जाण्याची खात्री वाटत नसेल, तर सर्व माल अडकवून ठेवू नये. काही विकावा व काही साठवावा. प्रत्येक गटाने स्वतःचे आकडे घालून हा हिशेब करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीपूर्वीच गटाची बैठक बोलवावी, दोन-तीन वखारींचे दर व अटी लेखी मागवाव्यात आणि गटाबरोबर जाऊन पाहणी करावी. मळणी झाल्यावर शोधलेली वखार बहुधा नाइलाजाची असते. वेळीच पारखून घेतलेली वखार मात्र शेतकऱ्यास भावासाठी थांबण्याचे बळ देते.